नवी गाडी ताब्यात घेताना काय बघायचं आणि कशाचा बाऊ करायचा नाही

शोरूममध्ये उभी असलेली गाडी नवी असते, याचा अर्थ ती कालच कारखान्यातून आली असा होत नाही. असेंब्ली लाइनवरून उतरल्यापासून तुमच्या हातात किल्ली पडेपर्यंत तिचा बराच प्रवास झालेला असतो. ती कारखान्याच्या आवारात थांबते, ट्रेलरवर चढते-उतरते, कधी रेल्वेने तर कधी जहाजाने जाते, मग डीलरच्या यार्डात ऊन, पाऊस आणि पक्ष्यांची शीट झेलत उभी राहते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वेगळाच माणूस तिला घाईघाईत पुढे-मागे करतो. बहुतेक गाड्या यातून सुखरूप सुटतात. काहींना खरचटतं, ते वर्कशॉपमध्ये निस्तरलं जातं आणि गाडी पुन्हा ‘नवी’ म्हणून रांगेला लागते.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या एका डॉक्टरांनी १९९० मध्ये नवीकोरी बीएमडब्ल्यू घेतली. सुमारे नऊ महिने चालवली, काहीच खटकलं नाही. मग गाडी अजून चकचकीत करून घ्यावी म्हणून ते डिटेलिंगवाल्याकडे गेले, आणि गाडीचे काही भाग पुन्हा रंगवलेले आहेत हे त्या माणसाच्या लक्षात आलं. वाहतुकीदरम्यान बहुधा आम्लयुक्त पावसाने मूळ रंग खराब झाला होता. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणूनच विकायची आणि डीलरलाही सांगायचं नाही, असं कंपनीचं तेव्हाचं धोरण होतं. या गाडीवर ६०१ डॉलर खर्च झाले होते, म्हणजे साधारण दीड टक्का. ज्युरीने दंडात्मक भरपाई ठरवली ४० लाख डॉलर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २० लाखांवर आणली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीही अवाजवी ठरवली. ‘बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी भरपाईच्या मर्यादेसाठी वाचतात. आपल्याला त्यातून घ्यायचं ते वेगळं आहे. मालकाला नऊ महिन्यांत जे दिसलं नाही ते त्या डिटेलिंगवाल्याला दिसलं, कारण कुठे बघायचं हे त्याला ठाऊक होतं.

डिलिव्हरीच्या दिवशी बहुतेक लोक आधी बोनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि समजल्यासारखी मान डोलावतात. खरं तर तिथे फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. इंजिन, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर यांत बनावटीचा दोष असेल तर तो आज निघो की सहा महिन्यांनी, तो वॉरंटीत येतो. वॉरंटीत येत नाही ते हे: दारावरचा ओरखडा, छतावरचा पोचा, काचेचा तडा, सीटवरचा डाग, गायब असलेला जॅक, न मिळालेली दुसरी किल्ली. डिलिव्हरीच्या कागदावर तुमची सही झाली की हे सगळं ‘तुमच्याकडेच झालं असेल’ या खात्यात जातं, आणि ते तुमच्याकडे झालं नाही हे सिद्ध करणं महाकठीण. गाडीचं वय आणि तिचा पूर्वेतिहास यांनाही वॉरंटी हात लावत नाही. म्हणून तुमच्याकडे तासभर असेल तर त्यातली पाऊण वेळ वॉरंटी जे भरून देणार नाही त्यावर घालवा.

तपासणी कधी करायची, हा प्रश्न काय तपासायचं याहून महत्त्वाचा आहे. नोंदणी होण्याच्या आणि किमतीची उरलेली रक्कम डीलरला देण्याच्या आधी. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की ती परत घेणं डीलरला परवडत नाही, कारण पुढच्या गिऱ्हाइकासाठी ती दुसऱ्या मालकाची गाडी ठरते. तोवर मात्र यार्डात तशीच दुसरी गाडी उभी असते आणि बदलून देणं म्हणजे फक्त कागदावरचा एक आकडा बदलणं. त्यामुळे ‘आमच्या माणसांनी पीडीआय केलंय, तुम्ही थेट डिलिव्हरीलाच या’ असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीपूर्व तपासणी, डीलर करतो ती त्याच्या यादीप्रमाणे: द्रव पदार्थांच्या पातळ्या, टायरची हवा, वाहतुकीसाठी काढून ठेवलेले फ्यूज परत बसवणं, काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये अडकवलेले ठोकळे काढणं. ती गरजेचीच आहे, आणि भरलेली यादी दाखवा म्हणून सांगायला हरकत नाही. पण रंगाची दुरुस्ती ज्या वर्कशॉपमध्ये होते त्याच वर्कशॉपने ‘रंग ठीक’ या ओळीपुढे टिकमार्क केलेला असतो, हे विसरू नका.

दिवसाउजेडी जा. शोरूमचे झगमगते दिवे गाडी विकण्यासाठी लावलेले असतात, ओरखडे दाखवण्यासाठी नव्हे. गाडी ओली नको, कारण पाण्याच्या थराखाली बारीक रेघा गायब होतात. आणि कोटिंग किंवा पॉलिश करून घेणार असाल तर तपासणी त्याच्या आधी, नंतर नाही. थोडी धुळकट गाडी तपासायला मिळाली तर ती चांगलीच गोष्ट समजा. धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसून बघता येते, कोटिंग पुसता येत नाही.

नंबर आणि तारखा

चॅसिस नंबरापासून सुरुवात करा. आयएसओ ३७७९ या मानकाप्रमाणे तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणजे एक आणि शून्याशी घोळ होत नाही. बिलावरचा नंबर, दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवरचा नंबर आणि पत्र्यावर कोरलेला नंबर, हे तिन्ही अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. नुसते शेवटचे चार आकडे जुळवून पुढे जाऊ नका. टायपिंगमधली एक चूक पुढे विमा, कर्ज आणि नोंदणी अशा तीन ठिकाणी निस्तरावी लागते.

बऱ्याच कंपन्या या नंबरातल्या दहाव्या जागी मॉडेल वर्ष लिहितात: २०२४ साठी आर, २०२५ साठी एस, २०२६ साठी टी. पण सगळ्याच नाहीत. युरोपातल्या अनेक कंपन्या ती जागा भलत्याच कामाला वापरतात. शिवाय मॉडेल वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष नव्हे. त्यामुळे या अक्षरावरून भांडायला जाण्यापेक्षा उत्पादनाचा महिना आणि वर्ष डीलरकडून लेखी मागून घ्या. तारखेचा एवढा आग्रह का? वॉरंटी सहसा विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, पण रबर, बॅटरी आणि ब्रेक फ्लुइड यांचं वय कारखान्यातूनच मोजायला लागतं. आणि पुढे गाडी विकताना समोरचा माणूस उत्पादनाचं वर्ष आधी विचारतो.

आता ही तारीख इतर तारखांशी ताडून बघायची. माझ्या मते सगळ्या तपासणीतला हा सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि त्याला कुठलंही उपकरण लागत नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. (ही चार आकड्यांची पद्धत २००० पासूनची.) पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूवर असते आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून, खाली वाकून गाडीखालून वाचावी लागते. वाचाच. टायर गाडीपेक्षा काही आठवडे किंवा दोन-तीन महिने जुने असणं स्वाभाविक आहे, ते आधी बनून कारखान्यात येतात. चारही टायर आसपासच्या तारखांचे असावेत. पण एखाद्या टायरची तारीख गाडीच्या उत्पादनानंतरची निघाली तर तो टायर नंतर बदललेला आहे. का बदलला? त्या चाकाच्या वरचा मडगार्ड आणि रिम आता जरा जास्त निरखून बघा. स्टेपनीलाही हाच न्याय.

काचांचंही तसंच. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात एक छोटा शिक्का असतो: बनवणाऱ्याचं नाव, मान्यतेच्या खुणा आणि बहुतेकदा वर्षाचा आकडा व काही ठिपके. ठिपक्यांची भाषा कंपनीगणिक बदलते, तिच्या फंदात पडू नका. पुढची काच दोन थरांची असते, तिचा पुरवठादार वेगळा असू शकतो. पण डाव्या-उजव्या दारांच्या काचा जोडीने जुळायला हव्यात. डावीकडच्या तीन काचा एका कंपनीच्या आणि चौथी परक्याची, असं दिसलं तर विचारा.

रंग

कारखान्यात रंग लागतो तो उघड्या पत्र्याच्या सांगाड्याला. तेव्हा गाडीत ना वायरी असतात, ना प्लास्टिक, ना रबर. त्यामुळे ती भट्टीत साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजता येते. वर्कशॉपमध्ये पूर्ण जुळवलेली गाडी एवढी तापवली तर डॅशबोर्ड वितळेल, म्हणून तिथला रंग वेगळ्या जातीचा असतो आणि ६० अंशांच्या आसपास वाळवला जातो. ‘कंपनीसारखाच’ रंग मारून देतो म्हणणारा रंगारी कितीही निष्णात असला तरी या दोन रंगांचा पोत थोडा निराळा येतो. संत्र्याच्या सालीसारखी जी बारीक खरखर प्रत्येक गाडीच्या रंगात असते, ती दुरुस्त केलेल्या भागावर कमी किंवा जास्त दिसते. गाडीच्या बाजूला उभं राहून समोरून बघू नका. पुढच्या दिव्यापाशी खाली बसा, गाल जवळजवळ पत्र्याला लागेल इतकं जवळ जा आणि मागच्या दिव्यापर्यंत नजर सरळ फिरवा. इमारतीची किंवा विजेच्या खांबाची प्रतिमा पत्र्यावर कशी पडते ते बघा. ती एका पॅनलवर स्वच्छ आणि शेजारच्या पॅनलवर थरथरल्यासारखी दिसली, तर तिथे हात लागलेला आहे. छोटे पोचेही असेच सापडतात.

पुढचा पुरावा असतो कडांना. दाराच्या चौकटीचं रबर बोटाने किंचित बाजूला करा. आत रंगाची एखादी कडक रेघ किंवा नखाला जाणवणारी पायरी आहे का? ती मास्किंग टेपची खूण. रबरावर, काचेच्या पट्टीवर, चाकाच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर रंगाचे सूक्ष्म तुषार आहेत का? कारखान्यात ते उडू शकत नाहीत, कारण रंग लागतो तेव्हा ते भाग गाडीवर नसतातच.

बोनेट उघडून मडगार्डचे बोल्ट बघा. पाना लागून कडांचा रंग उडाला असेल तर तो भाग कधीतरी सैल झालाय. मात्र इथे एक सावधगिरी. अनेक कारखान्यांत रंग झाल्यावर दारं उतरवून ठेवतात, आतलं काम उरकतात आणि तीच दारं परत चढवतात. त्यामुळे दाराच्या बिजागरीच्या बोल्टवर खुणा दिसल्या म्हणून लगेच अपघाताचा निष्कर्ष काढू नका. डाव्या बाजूची उजवीशी तुलना करा. दोन्हीकडे सारख्याच खुणा असतील तर ती कारखान्याची पद्धत, एकाच बाजूला असतील तर विचारण्याजोगी गोष्ट.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र जवळ असेल तर आणा, पण मुद्दाम विकत घेण्याची गरज नाही. मूळ रंगाची जाडी बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असते, आणि ती पॅनलगणिक थोडी इकडेतिकडे होतेच. सगळीकडे १२० आणि एकाच दारावर २८० असेल तर चर्चाच संपली. सगळीकडे १२० आणि कुठेतरी १४० असेल तर विसरून जा. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांच्यावर हे यंत्र चालत नाही. आणि बंपरच तर सगळ्यात जास्त घासले जातात! तिथे डोळ्यांवरच विसंबावं लागतं. खालची कड हाताने चाचपा, ती कोणी बघत नाही.

पॅनलमधल्या फटींबद्दल लोक फार हळवे असतात. बोनेटची फट एका बाजूला केसभर जास्त असणं हा उत्पादनातला रोजचा फरक आहे, आणि त्याच यार्डातल्या दुसऱ्या गाडीतही तो सापडेल. फट वरून खाली निमुळती होत गेली असेल किंवा दार लावताना घासत असेल, तरच बोला. डिस्क ब्रेकवर तांबूस गंज दिसला तरी दचकू नका. उघडं लोखंड एका पावसातही गंजतं आणि चार ब्रेक मारले की तो थर निघून जातो. हेडलाइटच्या आत थोडं धुकं धरणंही चालतं. पाण्याचे थेंब साचलेले असतील तर चालत नाही.

आतून

सीटवरची, पायाखालची आणि डॅशबोर्डच्या स्क्रीनवरची प्लास्टिकची आवरणं तुमच्यासमोर काढायला लावा. ‘राहू द्या, सीट खराब होणार नाही’ हा सल्ला डाग झाकायला फार सोयीचा असतो. मग दोन गोष्टी: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, आणि डिकीतलं झाकण उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. बेल्टच्या एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या भागावर मातीची रेघ, सीटखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली ओल आणि कुबट वास यांतलं काही एकत्र सापडलं तर गाडीत पाणी शिरलं होतं. अशा गाडीबद्दल वाटाघाटी करू नयेत, ती घेऊच नये. पाण्यात भिजलेल्या वायरिंगची दुखणी महिनोन्महिने एकेक करून वर येत राहतात.

इग्निशन ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. न विझणारा दिवा सगळ्यांना दिसतो. पण एअरबॅगचा किंवा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मुळात लागलाच नाही, तर तोही दोषच, आणि तो सहज नजरेतून सुटतो.

बाकी सगळं दाबून बघा, एवढंच सांगतो. प्रत्येक काच वर-खाली, वायपर, हॉर्न, कॅमेरा, सेन्सर, एसी आणि हीटर दोन्ही, प्रत्येक यूएसबी पोर्ट, दोन्ही किल्ल्या, आणि रिमोटमध्ये दडलेली धातूची किल्लीही. जॅक, पाना, टो हुक, चाकाला लॉक नट असेल तर त्याची चावी. स्टेपनीऐवजी पंक्चर किट दिलं असेल तर त्यातल्या द्रवाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते.

बॅटरीकडे मात्र थोडं थांबा. महिनोन्महिने यार्डात पडून राहिलेल्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी अनेकदा पूर्ण उतरते, मग ती जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला जोडून, उठवतात. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५. डिलिव्हरीच्या दिवशीच गाडी जंप देऊन सुरू करावी लागली तर नवी बॅटरी मागा. चार्ज करून देतो हे उत्तर पुरेसं नाही, कारण खोलवर उतरलेली बॅटरी आयुष्याचा काही भाग गमावून बसलेली असते. इलेक्ट्रिक गाडीतही ही १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. इलेक्ट्रिक गाडी घेताना सोबत मिळालेल्या केबलने तिथल्या तिथे चार्जिंग सुरू करून दाखवायला सांगा.

ओडोमीटरवर काही किलोमीटर असणारच, गाडी ट्रेलरवर चालवतच चढवतात. दोन आकडी संख्येवरून कुरबूर करू नका. शेकड्यांत असेल तर मात्र ती टेस्ट ड्राइव्हला वापरली होती का किंवा रस्त्याने चालवत आणली का, हे लेखी विचारा. मग छोटी फेरी मारा, दोन-तीन किलोमीटर पुरेत. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ राहतं का आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, एवढं कळलं की झालं. निघण्यापूर्वी टायरची हवा मोजा. वाहतुकीत आणि यार्डात ती मुद्दाम जास्त ठेवतात, आणि कमी करायची राहून गेली तर नवी गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते आणि लोक सस्पेन्शनला दोष देतात. योग्य आकडा सहसा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो.

दोष सापडला तर

सगळे दोष एका मापाने मोजू नका. पॉलिशने जाणारा ओरखडा, सुटा राहिलेला क्लिप, न मिळालेला पाना यांवरून गाडी नाकारणं म्हणजे स्वतःचीच डिलिव्हरी महिनाभर पुढे ढकलणं. ते लिहून घ्या आणि गाडी घ्या. पुन्हा रंगवलेलं पॅनल, बदललेली काच, पाणी शिरल्याच्या खुणा, न जुळणारा चॅसिस नंबर, ठरल्यापेक्षा जुनं उत्पादन वर्ष, इथे दुसरी गाडीच मागा. नव्या गाडीवरचा खोल ओरखडा ‘आम्ही रंगवून देतो’ म्हणणाऱ्यांचाही हेतू वाईट नसतो. पण रंगवलेली गाडी नको म्हणून तर आपण एवढं वाकून बघितलं. मोफत अॅक्सेसरीजची लालूच याच वेळी दाखवली जाते. ती नाकारायला हरकत नाही.

घेताना जे राहिलंय ते डिलिव्हरीच्या कागदावरच लिहा, सहीच्या वर. ‘किरकोळ काम बाकी’ असं नाही. ‘मागच्या डाव्या दारावर हँडलखाली दोन सेंटिमीटरचा ओरखडा, दुसरी किल्ली मिळालेली नाही, दोन्ही अमुक तारखेपर्यंत’ असं. त्याखाली डीलरच्या माणसाची सही, नाव आणि शिक्का घ्या आणि गाडी बाहेर काढण्याआधी त्या कागदाची प्रत खिशात असू द्या. नंतर व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाले तर तिथेच मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या.